गाडीचें खरें साल

आमच्या कागलास लागून, कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या माळावर, सरकारनें जी औद्योगिक वसाहत वसविली आहे तिला ‘पंचतारांकित’ असें विशेषण आहे. संस्कृत धातूंचें कातडें पांघरलेला हा शब्द मीं पहिल्यानें फलकावर वाचला तेव्हां मला हंसूं आलें होतें. तारांकित असावी ती रात्र. अलीकडच्या काळांत फार तर श्रीमंतांचीं हॉटेलें. जेथें लोखंड वितळतें, लेथ फिरतात आणि पाळी सुटली कीं तेलकट हातांचीं मुलें मोटारसायकलींवरून घरोघर पांगतात, तेथें तारे कोठून आले? माझा पुतण्या म्हणाला, “काका, रस्ते, पाणी, वीज यांची सोय उत्तम, म्हणून पांच तारे.” शब्दाचा अर्थ शेवटीं व्युत्पत्तीनें ठरत नाहीं, रूढीनें ठरतो, हें अडतीस वर्षें मुलांना शिकवून मीच विसरलों होतों.

याच वसाहतींतील एका पत्र्याच्या शेडपायीं गेल्या वर्षीं आमच्या घरांत मोठा पेच पडला. तो सुटला असें म्हणावें, तर घराचें छप्पर अजून गळतें आहे. सुटला नाहीं म्हणावें, तर मला आतां रात्रीं झोंप लागते. असे पेच घरोघरीं पडत असतील, म्हणून ही हकीकत लिहीत आहें.

आमचें कुटुंब अद्याप एकत्र आहे. थोरले बंधू जाऊन नऊ वर्षें झालीं. वहिनी, आम्ही उभयतां, पुतण्या, सून आणि त्यांची मुलगी अशीं सहा माणसें एका चुलीवर जेवतों. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पाठशाळेंत कांहीं वर्षें व्याकरण घोकलें आणि शिक्षकाची सनद घेऊन जन्मभर शाळेंत काढला. पुतण्या मात्र यंत्रविद्येचा पदविकाधारक. पंचतारांकित वसाहतींतल्या एका कारखान्यांत ओतीव भाग कातून ते परदेशीं पाठविण्याच्या खात्यांत त्यानें पंधरा वर्षें काढलीं. मालाची पेटी कशी बांधावी, निर्यातीचा क्रमांक कसा मिळवावा, कस्टम्सचें बिल कसें भरावें आणि न्हावाशेवाच्या बंदरांतून कंटेनर कसा सुटतो, हें सारें त्याला तोंडपाठ. चाळिशी उलटली तशी त्याच्या मनानें घेतलें कीं दुसऱ्याची नोकरी पुरे; आपण स्वतःचा उद्योग काढावा. आणि उद्योग कोणता, तर वापरलेल्या आलिशान मोटारी विकत घ्यावयाच्या, त्या नव्यासारख्या करावयाच्या, आणि परदेशीं पाठवावयाच्या.

त्याचें गणित वरवर पाहतां बरोबर होतें. मर्सिडीझ किंवा बी. एम. डब्ल्यू.सारखी गाडी नवी घेतांना जेवढी महाग, तेवढीच जुनी झाली कीं झपाट्यानें स्वस्त होते. कारण ती घेणारा श्रीमंत दुसऱ्याची उतरलेली वस्तु घेत नाहीं आणि मध्यमवर्गी मनुष्य तिच्या दुरुस्तीच्या खर्चाला भितो. त्यांत दिल्लीकडे दहा वर्षांवरील डिझेलच्या व पंधरा वर्षांवरील पेट्रोलच्या गाड्यांवर २०१५ सालीं हरित लवादानें बंदी घातली, २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली, आणि तिकडच्या उत्तम गाड्या मातीमोलानें इतर प्रांतांत येऊं लागल्या. “आपण डाव्या बाजूनें चालतों, आपलें सुकाणू उजवीकडे,” पुतण्या म्हणे, “केनिया, टांझानिया, बांगलादेश, सगळे आपल्यासारखेच. मग गिऱ्हाइकाला काय तोटा?”

तोटा होता, आणि तो त्याचा त्यालाच चौकशी करतां करतां दिसूं लागला. या बाजाराचें सिंहासन जपानानें केव्हांच बळकाविलें आहे. तेथेंहि सुकाणू उजवीकडे, आणि गाडी जुनी होत जाईल तसतशी सरकारी तपासणी मालकाला जड जाते. म्हणून चांगल्या स्थितींतल्या गाड्यांनीं भरलेलीं जहाजें तेथून वर्षानुवर्षें आफ्रिकेकडे सुटतात. शिवाय घेणाऱ्या देशांचे नियम. केनियांत आठ वर्षांहून जुनी गाडी उतरूं देत नाहींत. बांगलादेशांत ती मर्यादा पांच वर्षांची. म्हणजे दिल्लींत जी गाडी म्हातारी म्हणून स्वस्त मिळे, तीच नेमकी मोंबासाच्या बंदरांत म्हातारी म्हणून अडणार! वधूच्या वयाची चौकशी करणाऱ्या वरपक्षासारखाच हा प्रकार. आणि वयाची चौकशी आली कीं वय चोरण्याची विद्याहि आलीच. जेथें वर्षांवर किंमत आणि कर अवलंबून, तेथें कागद बोलूं लागतात. २०२१ सालीं आपल्याच देशांत महसूल गुप्तचर खात्यानें परकीय वकिलातींतील अधिकाऱ्यांच्या नांवावर करमाफींत आणलेल्या आलिशान गाड्यांचें प्रकरण उघडकीस आणलें. २०२५ च्या सप्टेंबरांत केरळांत कस्टम्सनें भूतानमार्गे खोट्या कागदांवर आलेल्या गाड्यांसाठीं छापे घातले. हा धंदा जितका यंत्राचा, तितकाच कागदाचा आहे.

एवढें कळूनहि पुतण्यानें शेड भाड्यानें घेतलीच. नोकरी आधींच सोडली होती. आणि त्या शेडवर मुंबईचा एक दलाल आला. बोलतां बोलतां पुतण्यानें त्याला सांगितलें कीं आमच्या वाड्याच्या जुन्या गोठ्यांत एक ब्यूक आहे.

या ब्यूकविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. १९४९ च्या मार्चांत कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें. त्या सुमारास अनेक लहानमोठ्या सरदारांच्या पागा आणि मोटारखाने मोकळे होऊं लागले. आमचे आजोबा वकील. अशाच एका जहागिरदाराकडून त्यांनीं ही गाडी विकत घेतली, म्हणजे वापरलेल्या आलिशान मोटारीचा व्यवहार आमच्या घरांत पुतण्यानें प्रथम आणला असें नव्हे. मुंबईस शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ पासून होता. आमची गाडी तेथेंच जोडलेली, असें आजोबा सांगत. आठ सिलिंडरांचें एका ओळींतलें इंजिन, हत्तीच्या गंडस्थळासारखें पुढचें तोंड, आणि आंत कातड्याचा वास. त्या गाडींतून गांवच्या नवऱ्यामुली सासरीं गेल्या. अडलेल्या बाळंतिणी रात्रींबेरात्रीं कोल्हापुरास पोहोंचल्या. टायफॉइडनें खंगलेल्या माझ्या थोरल्या बंधूंना मिरजेच्या इस्पितळांतून वडिलांनीं याच गाडींतून घरीं आणलें. लहानपणीं दसऱ्याला वडील आम्हांला कोल्हापुरास नेत. तेथें राजाराम महाराजांच्या वेळची मेबॅक गाडी छत्रपतींना घेऊन दसरा चौकांत येई, आजहि येते. ज्या कारखान्यानें झेपलिन विमाननौकांचीं इंजिनें घडविलीं त्याचीच ती गाडी. ती पाहून परततांना आम्हां मुलांना आपली ब्यूक तिची धाकटी बहीण वाटे.

दलालानें गाडीभोंवतीं दोन फेऱ्या घातल्या, आणि अठरा लाख रुपये देऊं केले. परदेशांत तिला गिऱ्हाईक तयार होतें. आमच्या घरांत अठरा लाख हा आंकडा कोणीं कधीं मोठ्यानें उच्चारला नव्हता. नातीचें अभियांत्रिकीचें शिक्षण, गळकें छप्पर, शेडचें भाडें, पुतण्याचें सुटलेलें वेतन, या सर्वांना पुरून उरेल असा तो आंकडा होता.

फक्त एक अडचण होती. १ जानेवारी १९५० पूर्वीं बनलेल्या मोटारी, आणि त्यांचे सुटे भागसुद्धां, सरकारी परवान्यावांचून देशाबाहेर पाठवितां येत नाहींत. हा निर्बंध उगीच आलेला नाहीं. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९७१ सालीं संस्थानिकांचे तनखे बंद झाले त्या सुमारास, परदेशी व्यापाऱ्यांनीं राजेरजवाड्यांच्या मोटारी कवडीमोलानें उचलून नेल्या. राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठीं १९३४ सालीं बनलेली रोल्स-रॉइस अशीच परदेशीं गेली, आणि कैक दशकांनीं त्याच घराण्याला ती पुन्हां विकत घेऊन परत आणावी लागली. आमची ब्यूक १९३९ सालची.

पण तें कोणाला ठाऊक? नोंदणीचें पुस्तक आमच्या कोल्हापूरच्या नातलगांकडे होतें, तें २०१९ च्या ऑगस्टांतल्या महापुरांत भिजलें. सालाचे शेवटचे दोन आंकडे पाण्यानें धुतले गेले. दलाल म्हणाला, “घरांतल्या वडील माणसानें प्रतिज्ञापत्र करून द्यावें, कीं गाडी १९५१ ची आहे. बाकीचें मी बघतों.” मग त्यानें माझ्याकडे पाहिलें. “गुरुजींच्या शब्दावर कोण संशय घेणार?”

मसुदा तयारच होता. त्यांत लिहिलें होतें कीं, सदर वाहन १९५१ सालीं तयार झालें हें मी माझ्या व्यक्तिगत माहितीवरून सत्यप्रतिज्ञेवर सांगतों. माझा जन्म १९५८ चा. संस्कृतांत बोलणाऱ्यानें स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठीं लिट् हा निराळा लकार आहे. मराठी प्रतिज्ञापत्रांत तेवढी सोय नाहीं. शिवाय कागदानें साल बदललें तरी लोखंड कोठें बदलतें? ब्यूकच्या पुढच्या मडगार्डांवर बाजूला गोल भोंकांची रांग असते, ती १९४९ पासून आली. आमच्या गाडीला ती नाहीं. इंजिनावरचा ठोकलेला क्रमांक निराळाच. मीं हे मुद्दे काढले तेव्हां पुतण्या म्हणाला, “काका, तें सगळें तो बघेल. तुम्ही सही करणार कीं नाहीं, एवढेंच सांगा.”

“नाहीं,” मी म्हणालों.

तेव्हां तो जें बोलला तें मी अजून विसरलों नाहीं. तो उद्धट मुलगा नव्हे. पण त्याचा आवाज कांपत होता. “काका, तुमचा स्वतःचा जन्मदिवस तरी खरा आहे का?”

वाचकांपैकीं जे आपल्या प्रांतांतल्या शाळांत शिकले असतील त्यांना या प्रश्नाची धार कळेल. शाळेच्या दप्तरीं माझी जन्मतारीख १ जून आहे. वास्तविक मी कार्तिकांतला. नांव घालतांना तारीख आठवली नाहीं कीं मास्तर १ जून टाकीत, आणि पुढें मास्तर झाल्यावर मींहि शेंकडों मुलांच्या नांवापुढें तीच तारीख टाकली. अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशीं जन्मलेला आहे, आणि त्या जन्मपत्रिकेच्या कर्त्यांपैकीं मी एक.

त्या रात्रीं मी झोंपलों नाहीं. प्रथम मीं मनाशीं उत्तर जुळविलें. १ जून लिहितांना खरी तारीख कोणालाच ठाऊक नसे. तें रिकामी जागा भरणें होतें. येथें खरें साल ठाऊक असून तें पुसावयाचें आहे. भरणें निराळें, पुसणें निराळें. उत्तर व्याकरणशुद्ध होतें. मला बरें वाटलें. पण पहांटेच्या सुमारास, ज्या गोष्टीला मी तीस-पस्तीस वर्षें मनाच्या माळ्यावर टाकून दिलें होतें ती खालीं आली.

१९८७ सालीं एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आला होता. मुलगा हुशार. बापाची विनवणी एवढीच, कीं दप्तरांत मुलाचें वय दोन वर्षांनीं कमी करावें, म्हणजे पुढें नोकरीच्या परीक्षांना त्याला दोन वर्षें अधिक मिळतील. मला दया आली. मीं जनरल रजिस्टरांतला आंकडा ब्लेडनें खरडला आणि वर नवा लिहिला. पैसा घेतला नाहीं. म्हणूनच कदाचित् पाप वाटलें नाहीं. पुढें त्याचा धाकटा भाऊ शाळेंत आला, त्याची तारीख खरीच पडली. बारा-तेरा वर्षांनीं थोरल्याची सरकारी जागेवर निवड झाली, तेव्हां गांवांतल्या कोणा हितशत्रूनें दोघां भावांचे शाळा सोडल्याचे दाखले वर पाठविले. दोन सख्ख्या भावांच्या जन्मांत पांच महिन्यांचें अंतर! मुलाची निवड रद्द झाली. शाळेंत चौकशी आली. खाडाखोड दिवंगत कारकुनाच्या हातची असावी असा निष्कर्ष निघाला, आणि त्या खोलींत मी उभा होतों, आणि मी बोललों नाहीं. तो मुलगा आतां पन्नाशीच्या घरांत आहे. त्याचें किराणा मालाचें दुकान आहे. बाजारांत भेटला कीं वांकून नमस्कार करतो. त्यानें नमस्कार केला कीं मी घाईंत असल्यासारखें दाखवितों.

सकाळीं गोठ्यांत, ब्यूकच्या मडगार्डाला टेकून, मीं ही हकीकत पुतण्याला सांगितली. वहिनी तुळशीला पाणी घालून तेथेंच उभ्या राहिल्या होत्या. चाळीस वर्षांच्या सहवासांत त्यांनाहि ती ठाऊक नव्हती. शेवटीं मी म्हणालों, “मी शुद्ध आहें म्हणून सही करीत नाहीं असें समजूं नकोस. एकदां केली आहे. तिचें काय होतें तें मला माहीत आहे. कंटेनर अडला, तर दलालाचें नांव कागदावर कोठेंच नसेल. निर्यातदार म्हणून तुझें असेल.”

पुतण्यानें स्टँपपेपराची घडी घातली व खिशांत ठेवली. तीन दिवस तो माझ्याशीं बोलला नाहीं. घरांतलें वातावरण कसें होतें तें सांगण्याची गरज नाहीं, सुनेनें वाढतांना भात माझ्या पानांत नेहमींइतकाच घातला, पण “काका, आणखी?” असें विचारलें नाहीं. तिची मुलगी, तिची काळजी. तिला मी दोष देत नाहीं. पुण्याच्या एका संग्राहकानें सात लाखांला मागणी केली. देशांतल्या देशांत विकण्यास हरकत नव्हती. अठरा ऐकलेल्या कानांना सात फार थोडे वाटत होते.

चौथ्या दिवशीं संध्याकाळीं पुतण्या माझ्या खोलींत आला. “गाडी एकोणचाळीसचीच, हें तुम्हांला कशावरून ठाऊक?” मीं आजोबांची जमाखर्चाची वही काढली. ती मोडींत, घरांत ती वाचतां येणारा मीच उरलों आहें. त्यांत खरेदीची नोंद होती: ब्यूक मोटार, सन १९३९, रुपये ४,२०० रोख. “आणखी काय आहे त्यांत?” त्यानें विचारलें. मी पानें उलटीत वाचूं लागलों. पेट्रोल, टायर, ड्रायव्हराचा पगार. आणि १९५६ सालच्या एका पानावर: पाण्याचा पंप तडकला, मुंबईस भाग मिळत नाहीं, कोल्हापूर उद्यमनगरांतील मिस्त्रीकडून नवा ओतून घेतला, रुपये ३५.

पुतण्या उठला आणि विजेरी घेऊन गोठ्यांत गेला. बॉनेट उघडण्याचा आवाज मला खोलींत ऐकूं आला. बऱ्याच वेळानें तो परत आला, तेव्हां त्याच्या कोपरापर्यंत काजळी होती. “काका, तो पंप अजून जागेवर आहे. ओतकाम काय सुरेख आहे! आजहि ह्याहून बरें होणार नाहीं.”

पुढचें थोडक्यांत सांगतों. निर्बंध आहे तो १९५० पूर्वीं बनलेल्या भागांवर. त्याच मापाचा, पण आज कागलांत नव्यानें ओतलेला पंप हा नवा माल. त्याला कोणाची आडकाठी नाहीं. जगांत जुन्या गाड्या जपणारे हौशी पुष्कळ आहेत, आणि त्यांचें खरें दुःख गाडीचें नसून सुट्या भागांचें असतें. पुतण्यानें ब्यूकचा पंप उतरवून माप घेतलें, लाकडी पॅटर्न करविला, वसाहतींतल्या ओळखीच्या फौंड्रींत चार नग ओतून घेतले आणि स्वतःच्या शेडमध्यें कातले. पहिले दोन वांयां गेले. तिसरा ऑस्ट्रेलियांतील एका गृहस्थांस पाठविला; तिकडेहि सुकाणू उजवीकडे असल्यानें आपल्यासारख्या गाड्या आहेत. त्या गृहस्थांनीं आणखी सहांची मागणी केली. यांत अठरा लाख नाहींत. सात लाखहि अद्याप नाहींत. शेडचें भाडें सुटतें, दुसऱ्यांचें कातकाम मिळतें, आणि नातीच्या शिक्षणासाठीं बँकेचें कर्ज काढलें आहे. त्याच्या कागदावर मात्र मीं पहिल्यानें सही केली. गाडी विकली नाहीं; पुतण्या म्हणतो, तो आमचा पॅटर्नांचा ग्रंथ आहे.

राहिली एक गोष्ट. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंद करण्याचे नियम सरकारनें २०२१ सालीं केले. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, क्रमांकांत ‘व्ही ए’ हीं अक्षरें, आणि गाडी रोजच्या वापरास किंवा धंद्यास काढावयाची नाहीं, अशी अट. दसऱ्यापूर्वीं पुतण्यानें अर्ज माझ्यासमोर ठेवला. “साल तुम्ही लिहा,” तो म्हणाला. मीं पेन झटकून १९३९ लिहिलें. तीं चार अक्षरें लिहितांना माझा हात, पूर्वीं परीक्षेच्या निकालपत्रावर असे, तसा सावध होता.

खंडेनवमीला शेडमधल्या लेथबरोबर ब्यूकलाहि झेंडूची माळ पडली. सुनेनें औक्षण केलें, आणि जेवतांना, “काका, आणखी?” असें विचारलें.

दुसऱ्या आठवड्यांत मी त्या किराणा दुकानांत गेलों. गूळ घेण्याचें निमित्त होतें. दुकानांत दुसरें कोणी नव्हतें. तो उठून नमस्कार करूं लागला, तेव्हां मीं त्याचा हात धरला आणि म्हणालों, “बस, मला तुला एक सांगावयाचें आहे.” त्यानें सारें ऐकून घेतलें. मग बराच वेळ तराजूच्या पारड्याकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, “गुरुजी, मला ठाऊक होतें. आबांनीं जातांना सांगितलें होतें.”

मीं गूळ घेतला. त्यानें पैसे मोजून घेतले. एक रुपयाहि कमी केला नाहीं, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहें.

अर्जाबरोबर माझ्या आधारपत्राची प्रत जोडावी लागली होती. तिच्यावर माझी जन्मतारीख १ जूनच आहे. आमच्या घरांत आतां गाडीचें वय खरें आहे. माझें तेवढें अंदाजानें राहिलें.